पट : उभा माणूस खाली आणण्याची विद्या

खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या आखाड्यात उतरले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि गादीवर लढण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांचं अंग घडलं होतं मातीत. आधी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला पैलवान वडिलांच्या, दादासाहेबांच्या हाताखाली. पुढे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजींच्या नजरेखाली. लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर हे अमेरिकन प्रशिक्षक लाभले. गार्डनरांनी स्पर्धेआधी त्यांना गादीसाठी तयार केलं. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला खाशाबांनी पहिल्या काही मिनिटांतच हरवलं. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते थांबले. फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला, ५७ किलोच्या बँटमवेट गटात, त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

पदकाची गोष्ट पुष्कळ वेळा सांगून झाली आहे. गार्डनर आणि खाशाबा यांच्या भेटीवर मात्र फारसं कुणी थांबत नाही, आणि मला थांबायचं आहे ते तिथेच. कारण त्या भेटीत दोन जुन्या विद्या एकमेकींना सामोऱ्या आल्या. एक आपली मल्लविद्या. दुसरी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या खाणकामगारांची ‘कॅच’ कुस्ती, जिच्यातून अमेरिकन कुस्ती वाढली.

युरोपात कुस्तीचे अनेक प्रकार होते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही. कंबरलँडच्या कुस्तीत आधी एकमेकांच्या पाठीमागे हात बांधून उभं राहायचं आणि मगच जोर लावायचा. लँकेशायरच्या कॅचमध्ये असली बंधनं नव्हती. पाय धरा, मान धरा, कंबर धरा. समोरच्याचे दोन्ही खांदे टेकवा किंवा सांधा असा पिळा की त्याने स्वतःहून हार मानावी. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये कुस्ती झाली ती याच प्रकारची. पुढे त्यातले सांधे पिळणारे, दुखापत करणारे पेच काढून टाकले गेले आणि उरली ती आजची फ्रीस्टाइल. म्हणजे आपल्या तालुका स्पर्धेत गादीवर उतरणारं पोर जी कुस्ती लढतं, तिची आजी लँकेशायरची आहे. तिला आणि आपल्या मातीतल्या कुस्तीला जोडणारा धागा म्हणजे पायावर जाण्याची मुभा. पायावर जाता येतं म्हणून पट, म्हणजे पाय धरून खाली आणण्याचा डाव, आहे; आणि पट आहे म्हणून हे प्रकरण आहे.

हे प्रकरण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नंदुरबार जिल्ह्यातली पोरं आहेत. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वर सातपुडा, खाली तापी. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. शहाद्याहून खेतिया हाकेच्या अंतरावर आणि नवापूरची हद्द ओलांडली की सोनगड, जिथून गायकवाडांनी आपलं राज्य उभं करायला सुरुवात केली. इथे कुस्ती जगते ती प्रामुख्याने यात्रेच्या दंगलीत. देवाची पालखी झाली, बाजार भरला, की एखाद्या मोकळ्या शेतात नांगरून, ढेकळं फोडून जागा केली जाते. लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर सुरू होतात आणि उन्हं कलतील तसतशी बक्षिसं वाढत जातात. जोड तिथल्या तिथे ठरते. दोन पैलवानांना शेजारी उभं करायचं, उंची पाहायची, मांड्या पाहायच्या, पंचांनी मान हलवायची की झालं. वजनकाटा नसतो आणि घड्याळालाही तिथे फारशी किंमत नसते. पाठ लागली की निकाल.

या दंगलींनी खानदेशात पैलवान टिकवले. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा खानदेशाच्या गावोगावी पोरांनी पुन्हा लंगोट बांधले. पण दंगलीतून राज्य स्पर्धेपर्यंत जाणाऱ्या वाटेवर एक खिंड आहे, आणि ती खिंड पटाची आहे. मातीत चार-पाच वर्षं छान लढलेलं पोर पहिल्यांदा गादीवर येतं आणि पहिल्या मिनिटात त्याचा पाय कुणाच्या तरी हातात जातो. त्याला कळतच नाही काय झालं.

काय झालं ते आधी समजून घेऊ.

उभा माणूस पडतो कधी? त्याच्या शरीराचा तोल साधारण बेंबीच्या आसपास एकवटलेला असतो. त्या बिंदूपासून जमिनीकडे सरळ ओळंबा सोडला तर तो दोन पावलांच्या मधल्या जागेत पडायला हवा. ओळंबा त्या जागेबाहेर गेला आणि पाऊल तिकडे पोचू शकलं नाही की माणूस पडला. दोन पावलं जोडणारी एक रेघ मनात काढा. त्या रेघेच्या दिशेने माणूस भक्कम असतो. तिकडून ढकललंत तर तो झाडासारखा उभा राहील. पण त्या रेघेला काटकोनात, पुढे किंवा मागे, त्याला आधार नसतो. तिथे तिसरा पाय असता तर तो तिपाईसारखा स्थिर झाला असता. तो नाही, म्हणून कुस्ती आहे. पैलवान पवित्रा बदलतो तशी ही रेघ फिरते आणि रेघेबरोबर त्याची कमजोर दिशाही फिरते. टांग, ढाक, पट, कलाजंग, बगलडूब, धोबीपछाड ही सगळी त्या एका कमजोर दिशेला जाण्याची वेगवेगळी दारं आहेत.

म्हणून जुना वस्ताद पोरांची खडाखडी पाहताना हातांकडे बघत नाही. आखाड्याच्या कडेला बसून त्याची नजर पावलांवर असते. पोरं मानेत हात घालून एकमेकांना हिसडत असतात, बघ्यांना वाटतं कुस्ती तिथे चालली आहे. वस्ताद मध्येच ओरडतो, “पोऱ्या, पाय दख, पाय!” समोरच्याचं वजन ज्या पायावर आहे तो पाय जमिनीला खिळलेला असतो, तो लगेच मागे घेता येत नाही. पट काढायचा तो त्याच पायाचा. वजन नसलेल्या पायावर झेप घातली तर तो पाय सहज मागे जातो आणि झेप घेणारा तोंडावर आपटतो. नवख्यांच्या दहातल्या बहुतेक पटांचं नेमकं हेच होतं.

मग वजन हव्या त्या पायावर आणायचं कसं? मानेवरचा हात त्यासाठीच असतो. मान खाली ओढली की समोरचा प्रतिक्षिप्तपणे वर उठतो, कारण त्याला वाकायचं नसतं. तो वर उठला की त्याची कंबर वर येते, गुडघे सरळ होतात आणि क्षणभर दोन्ही पाय खिळतात. तो क्षण पटाचा. हात डावीकडे ओढला की वजन त्याच्या त्या बाजूच्या पायावर येतं. तो क्षण एकेरी पटाचा. समोरचा स्वतःच जोरात पुढे रेटत असेल तर त्याच्या रेट्याखालून बगलडूब मारून मागे जाता येतं. वस्तादाकडून शिकायची गोष्ट हीच: डावाच्या आधीचा अर्धा क्षण. डाव स्वतः तसा महिनाभरात येतो.

हा अर्धा क्षण पुस्तकातून शिकता येत नाही. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला, ते काम नंदुरबारहून फार दूरचं नाही. तापी व्हॅलीच्या लोहमार्गाने सुरत आणि सुरतेहून बडोदा. जुम्मादादांच्या आखाड्याचं, प्रोफेसर माणिकरावांचं ते शहर. भारतीय व्यायामविद्येचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत त्या काळी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि मराठी माणसाने त्याचा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं. पण अशा कुठल्याही ग्रंथातल्या छायाचित्राची एक मर्यादा असते. चित्रात डाव लागलेला दिसतो. तो लागण्याआधी मान किती ओढली, कुठल्या श्वासाला ओढली, समोरच्याची टाच उचलली होती का, हे कागदावर येत नाही. ते अंगातून अंगात जातं. वस्ताद पोराची मान स्वतःच्या हातात घेतो, ओढतो, पोर वर उठतं, आणि वस्ताद म्हणतो, “हां, आत्ता!” असं शंभर वेळा झालं की पोराच्या अंगाला ते ‘आत्ता’ कळू लागतं.

आता एकेरी पट सावकाश पाहू, कारण बाकीच्या डावांची गुरुकिल्ली त्यात आहे.

पहिली गोष्ट उंची. झेप घेण्याआधी खाली जायचं असतं; झेप घेता घेता खाली जाणारा उशिरा पोचतो. आणि खाली जायचं ते गुडघे आणि कंबर मोडून. पाठ वाकवून खाली गेलेल्याची नजर जमिनीकडे जाते, मान समोरच्याच्या हाताखाली सापडते आणि पुढचं सगळं बिघडतं. वस्ताद ‘खाले ये’ म्हणतो तेव्हा त्याला बसका पवित्रा हवा असतो, ओणवा नव्हे. या बसक्या पवित्र्यासाठीच आपल्याकडे बैठका आहेत. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या पोराच्या मांड्या त्या उंचीवर थरथरत नाहीत.

दुसरी गोष्ट पाऊल. पुढचं पाऊल समोरच्याच्या दोन पावलांच्या मध्ये, जवळजवळ त्याच्या कमरेखाली पडलं पाहिजे. नवखा इथे घाबरतो. त्याचं पाऊल हातभर अलीकडे पडतं आणि मग तो हात लांबवून पाय गाठायला बघतो. लांबवलेल्या हातात ताकद नसते. छाती मांडीला चिकटली की ताकद येते.

तिसरी गोष्ट डोकं. डोकं वर आणि आतल्या बाजूला, समोरच्याच्या बरगड्यांना कान लावून. डोकं खाली राहिलं तर तो अंगावर पडतो आणि मान त्याच्या वजनाखाली जाते. यात हार-जीत बाजूला राहते, मणक्याचा प्रश्न येतो. म्हणून डोकं वर ठेवण्याची सवय पक्की झाल्याशिवाय कुठल्याही पोराला पूर्ण वेगाने पट काढू देऊ नये. याबाबतीत जे वस्ताद कठोर असतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पाय हातात आला म्हणजे कुस्ती संपली नाही. समोरचा एका पायावर नाचत उभा राहतो आणि वरून कंबर दाबतो, किंवा दोन्ही पाय मागे फेकून सगळं वजन पाठीवर टाकतो. इथून पुढे पुन्हा त्या काटकोनाचा हिशेब. सरळ पुढे रेटण्यात अर्थ नाही. पाय छातीशी धरून त्याच्याभोवती वर्तुळात फिरायचं, म्हणजे उभ्या पायाचा आधार तुटतो. किंवा पाय उचलून दुसऱ्या पायाला आतून टांग घालायची. किंवा तो वरून वजन टाकतोच आहे तर ते वजनच घ्यायचं: त्याचा दंड धरायचा, डोकं बगलेखालून काढायचं, मांडीत हात घालायचा आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन फेकायचा. हा कलाजंग. लँकेशायरच्या आखाड्यांतही तो होता, अमेरिकेतही होता, कोल्हापुरातही होता. माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच मोडतं, त्यामुळे सात समुद्रांपलीकडच्या लोकांनी एकमेकांना न भेटता तोच डाव शोधून काढला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

खाशाबांचा हातखंडा डाव मात्र ढाक. मान आणि हात एकत्र कवटाळायचे, आपली कंबर त्याच्या कमरेखाली फिरवून घालायची आणि त्याला कमरेवरून जमिनीवर आणायचं. ढाकेला जवळीक लागते, पटाला अंतर. हे दोन्ही ज्याला येतात त्याच्यापुढे समोरच्याची मोठी अडचण होते: ढाकेच्या भीतीने तो मान मागे घेऊन ताठ उभा राहिला तर त्याचे पाय पुढे उरतात, आणि पटाच्या भीतीने पाय मागे नेऊन मान पुढे दिली तर ढाक. चांगला वस्ताद एकच डाव शिकवत नाही. तो अशी जोडी शिकवतो, ज्यात एकाचा बचाव हे दुसऱ्याचं आमंत्रण असतं.

माती आणि गादी यांच्यातला फरक इथे बोलला पाहिजे. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू पडतं. ती भुसभुशीत राहते, अनवाणी पाऊल तिच्यात रुततं. गुडघा टेकवून घसरत आत शिरण्याचा गादीवरचा पट मातीत तसाच चालत नाही, गुडघा रुतून बसतो. शिवाय दंगलीत वेळेची घाई नसते. त्यामुळे मातीतला पैलवान उंच उभा राहतो, मानेत हात घालून समोरच्याला दमवतो आणि लंगोटाच्या लांगेला धरून खालचे डाव करतो. घिस्सा हा असाच लांगेवर उभा असलेला डाव. गादीवर लांग नाही, अंगाला चिकटलेला पोशाख आहे आणि तो धरायला बंदी आहे. पायात बूट आहेत, ते पकड देतात, म्हणून वेग दुप्पट वाटतो. वर्तुळ नऊ मीटरचं. बाहेर पाऊल पडलं की समोरच्याला एक गुण. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग. उंच उभा राहणारा इथे पहिल्या मिनिटात पकडला जातो.

गुणांचा हिशेबही पोरांना लवकर सांगावा. समोरच्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन. उभ्या कुस्तीतून त्याला थेट पाठीच्या धोक्यात टाकलं तर चार. उंच उचलून मोठी फेक केली तर पाच. पाठ लागली तर सगळा हिशेब तिथेच बंद. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि तिला चार गुण मिळाले. त्यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. चार द्यायला हवे होते की दोन? म्हणजेच, सिकंदरची पाठ खरोखर धोक्यात गेली होती का? गावच्या पारावर ज्यांनी कधी गादी पाहिली नाही ती माणसंही त्या दिवसांत गुणांवर तावातावाने बोलत होती. एका अर्थाने ते चांगलंच झालं. एका टांगेत समोरचा कुठल्या कोनात पडतो यावर किती अवलंबून असतं, हे एवढ्या लोकांना एकदम समजावणं कुठल्याही पुस्तकाला जमलं नसतं.

जिंकण्याची अट बदलली की खाली आणण्याचा अर्थही बदलतो, याचं जुनं उदाहरण गामा पैलवानाचं आहे. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को यांची कॅच पद्धतीची कुस्ती झाली. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली आणलं. पण झ्बिश्को पोटावर पसरला आणि अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांश तसाच राहिला. पाठ लागेना. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही आणि विजेत्याचा पट्टा गामाला मिळाला. १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला दोघे पुन्हा भेटले. या वेळी आखाडा मातीचा होता, आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. लंडनमध्ये गामाचा पट किंवा टांग कमी पडली नव्हती. खाली आलेला माणूस पोटावर पडला, पाठीवर नाही. म्हणून आपले जुने वस्ताद ‘पाड’ म्हणत नाहीत, ‘पाठीवर घे’ म्हणतात. पट काढतानाच शेवटचा कोन असा हवा की समोरचा पडता पडता वळू शकणार नाही.

मल्लविद्या आणि कॅच यांच्यातला हा व्यवहार एकतर्फी नव्हता. १९४८ च्या ज्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा लढले, त्यातच बेल्जियमकडून कार्ल इस्टाझ नावाचा एक लाइट-हेवीवेट गटातला मल्ल उतरला होता. पुढे तो लँकेशायरमधल्या विगनला बिली रायली यांच्या आखाड्यात कॅच शिकला, कार्ल गॉच या नावाने जगाला माहीत झाला आणि जपानमध्ये तर लोक त्याला कुस्तीचा देव म्हणू लागले. हा गॉच आपल्या शिष्यांकडून काय करून घेत असे? बैठका, जोर आणि मुद्गल. आपल्या तालमीतला घाम असा जपानपर्यंत गेला. नंदुरबारच्या पोराला गादीचं परकेपण वाटतं तेव्हा त्याला हे जरूर सांगावं: जगातले नावाजलेले कॅच मल्ल ज्यावर तयार झाले ती बैठक तुझ्या आजोबांची आहे, आणि गादीवरच्या पटासाठी जे पाय लागतात ते तुझ्याकडे आधीच आहेत.

शिकण्याचा क्रम कसा असावा याबद्दल माझी मतं ठाम आहेत. सगळ्यात आधी पडायला शिकवावं. मागे पडताना हनुवटी छातीला, हात मागे टेकवून स्वतःला सावरण्याचा मोह टाळायचा, नाहीतर कोपर किंवा मनगट जातं. आठवड्यामागून आठवडे नुसतं पडणं पोरांना कंटाळवाणं वाटतं, पण ज्याला पडण्याची भीती नाही तोच पूर्ण झेप घेतो. भिणाऱ्याचं पाऊल अलीकडे पडतं, हे वर आलंच आहे. त्यानंतर पवित्रा आणि पावलं, जोडीदाराशिवाय. मग जोडीदार उभा, विरोध न करणारा. मग थोडा विरोध करणारा. खडाखडी त्यानंतर. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा चालतो; पोर पहिल्याच दिवशी लढायला सोडलं जातं, ताकदवान असेल तर जिंकतं आणि त्या ताकदीच्या भरवशावर पाच वर्षं काढतं. मग बरोबरीच्या ताकदीचा कुणीतरी भेटतो आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

खुराकाबद्दलही. बदाम आणि थंडाईच्या गोष्टी ऐकून गरीब घरचा बाप घाबरतो, पोराला आखाड्यात धाडत नाही. कुपोषणाशी अजून झगडणाऱ्या जिल्ह्यात ही भीती खरी आहे, ती उडवून लावू नये. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला लागतं ते रोजचं पोटभर आणि सकस जेवण. ज्वारी-मक्याची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, मिळेल तेव्हा अंडी आणि दूध. सातपुड्यातल्या घरातही यातलं पुष्कळसं सापडतं. बदाम परवडत नाही म्हणून कुणाचं कुस्तीचं दार बंद होऊ नये, आणि असं सांगण्याची जबाबदारी वस्तादांची आहे, कारण बाप ऐकतो ते त्यांचंच. आखाड्याची स्वच्छताही त्यांच्याच हातात. नायटा एका पोराला झाला की पंधरा दिवसांत सगळ्यांना होतो. तेव्हा ज्याच्या अंगावर चट्टा दिसेल त्याला त्या दिवशी माती नाही, एवढा नियम पुरतो.

मातीतले वस्ताद आणि गादीवरचे तरुण प्रशिक्षक एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, हे मला खटकतं. वस्तादाला वाटतं गादीची कुस्ती म्हणजे गुणांचा बाजार. प्रशिक्षकाला वाटतं वस्तादाला नियम माहीत नाहीत. पण महाराष्ट्र केसरीच माती आणि गादी अशा दोन विभागांत होते आणि शेवटची लढत दोन्ही विभागांच्या विजेत्यांमध्ये गादीवर होते. दोन्ही येणाऱ्याला पर्याय नाही. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, मातीतले. त्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं, आणि नंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पिढ्या घडवल्या. हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णविजेते. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली काका पवार तयार झाले, आणि बिराजदार व पवार या दोघांच्या हाताखालून बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेचं कांस्य घेऊन आला. ही साखळी पाहिली की वस्ताद जुना आणि खेळ नवा अशी भांडणं निरर्थक वाटतात. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या यात्रांमध्ये ज्यांनी पन्नास-पन्नास दंगली पाहिल्या आहेत अशी माणसं अजून आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा गादीच्या कडेला खुर्ची द्यावी. नियम प्रशिक्षकाने सांगावेत, ‘आत्ता’ कधी ते वस्तादाने.

आणि मुली. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आता यात्रेच्या दंगलीतही मुलींची जोड लावण्याची हौस वाढते आहे. त्यांच्याबाबतीत एक गोष्ट मला फार आशादायक वाटते. मातीतून आलेल्या मुलाला लांगेची पकड विसरायला आणि उंच पवित्रा मोडायला बराच काळ लागतो; अंगात भिनलेलं काढणं हे नवं शिकण्यापेक्षा अवघड. मुलींची पाटी या बाबतीत कोरी असते. त्या पहिल्या दिवसापासून खाली बसतात, पहिल्या दिवसापासून पायावर जातात. मानेच्या ओढाताणीत त्यांचा जीव रमत नाही, कारण कुणी त्यांना ती कुस्ती दाखवलेलीच नसते. सातपुड्यात अक्राणीच्या डोंगरात रोज पाणी आणि लाकडं डोक्यावर घेऊन उतरणारी पोर आखाड्यात येते तेव्हा तिच्या मांड्या आणि घोटे तयार असतात, उतारावर तोल कुठल्या पायावर आहे हे तिच्या अंगाला लहानपणापासून माहीत असतं. तिला शिकवायला उरतं ते फक्त समोरच्याचा तोल वाचणं. अशा पोरींना बसने तालुक्याच्या गावी जाऊन-येऊन सरावाला यायचं तर संध्याकाळची परतीची गाडी हवी आणि आखाड्यात कपडे बदलायला एक बंद खोली हवी. बऱ्याच आखाड्यांत ती खोली नाही, आणि ती बांधायला गादीच्या किमतीच्या मानाने फार पैसे लागत नाहीत.